९१५ ल्यूसी आणि एक भीतीदायक पुतळा

६ ऑगस्ट २०११. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्याच्या पार पश्चिम टोकाला, शटॉक्वा तलावाच्या काठाजवळ जेम्सटाऊन नावाचं एक छोटं शहर आहे. त्या दिवशी तिथे ९१५ जण एकाच बाईसारखे नटून जमले होते. डोक्यावर भडक नारिंगी-लाल केसांचा टोप, ओठांना लालभडक लिपस्टिक, कुणाचा ठिपक्याठिपक्यांचा ड्रेस तर कुणाचा एप्रन. या गर्दीत एखादी बाई हरवली असती, तर पोलिसांना तिचं वर्णन तरी काय सांगणार?

ज्या बाईसाठी हे सगळं चाललं होतं तिचं नाव ल्यूसिल बॉल. तिचा जन्म ६ ऑगस्ट १९११चा, याच गावातला. म्हणजे तो तिचा शंभरावा वाढदिवस होता आणि एकाच ठिकाणी इतके ल्यूसी-वेशधारी जमल्याचा तो जागतिक विक्रम ठरला. पण इथे थोडं थांबायला हवं. लोक ल्यूसिल बॉलच्या वाढदिवसाला आले होते, आणि वेश मात्र ल्यूसी रिकार्डोचा करून आले होते. पहिली खरी नटी. दुसरी तिने साकारलेली काल्पनिक गृहिणी. गाव, वाढदिवस, विक्रम सगळं नटीचं आणि कपडे पात्राचे. माझ्या प्रबंधातलं एक प्रकरण या फटीवरच उभं आहे, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

आधी थोडी ओळख, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ही मालिका पाहिलेली नसेल. ‘आय लव्ह ल्यूसी’ १५ ऑक्टोबर १९५१ला सीबीएस वाहिनीवर सुरू झाली आणि मे १९५७पर्यंत चालली. न्यूयॉर्कमधल्या एका फ्लॅटमध्ये राहणारी ल्यूसी, तिचा क्यूबन नवरा रिकी (तो नाइटक्लबमध्ये बँड चालवतो), आणि त्यांचे घरमालक-शेजारी-मित्र असलेले फ्रेड आणि एथेल मर्ट्झ. बस्स, चार माणसं. ल्यूसीला काहीही करून स्टेजवर जायचंय, रिकीला बायको घरात हवीय, आणि दर आठवड्याला या एका ओढाताणीतून नवा गोंधळ. रिकीचं काम करणारा देसी अर्नाझ हा तिचा खऱ्या आयुष्यातलाही नवरा, आणि खरोखरच क्यूबात जन्मलेला. अमेरिकन बाईचा असा नवरा प्रेक्षकांना पटेल का, अशी वाहिनीला शंका होती. तेव्हा दोघांनी १९५०मध्ये रंगमंचावर दौरा करून दाखवलं की पटतो. मग १९ जानेवारी १९५३ला ल्यूसीला मुलगा होतो तो भाग लागला, तेव्हा अमेरिकेतल्या टीव्ही असलेल्या दर दहा घरांपैकी सातांत तोच चालू होता. गंमत म्हणजे, ती गरोदर असल्याच्या भागांत ‘प्रेग्नंट’ हा शब्द उच्चारायची मात्र वाहिनीची परवानगी नव्हती!

आता ही मालिका आजच्या माणसापर्यंत कशी पोचली, हे कळल्याशिवाय वेशाचं कोडं सुटत नाही. त्या काळी बरेच कार्यक्रम थेट प्रक्षेपित व्हायचे आणि विरून जायचे. दूरच्या शहरांसाठी टीव्हीच्या पडद्याचंच चित्रीकरण करून धूसर प्रती पाठवल्या जायच्या. बॉल-अर्नाझ जोडीने हट्ट धरला की आम्ही हॉलिवूडमध्येच राहणार आणि सिनेमासारखं ३५ मिमी फिल्मवर शूट करणार, तेही समोर प्रेक्षक बसवून, एकाच वेळी तीन कॅमेरे लावून. कॅमेऱ्यांची ही रचना कार्ल फ्रॉइंड या जर्मनीतून आलेल्या नामवंत छायाचित्रकाराने बसवली. खर्च वाढला, तर दोघांनी आपलं मानधन कमी करून घेतलं आणि बदल्यात फिल्मची मालकी त्यांच्या ‘डेसिलू’ कंपनीकडे आली. त्या क्षणी हा सौदा वेडेपणाचा वाटला असेल. पण फिल्म होती म्हणून पुनःप्रक्षेपण शक्य झालं. म्हणजे जेम्सटाऊनच्या गर्दीतल्या अनेकींनी मालिका प्रथम लागली तेव्हा पाहिलेलीच नाही, त्यांच्या जन्माआधीच ती संपली होती. त्यांची ल्यूसी ही शाळेतून घरी आल्यावर लागणाऱ्या जुन्या भागांतली ल्यूसी. सुरुवातीच्या शीर्षकातला तो साटीनवरचा बदामसुद्धा मूळ प्रक्षेपणात नव्हता. तिथे सिगारेट कंपनीची, म्हणजे प्रायोजकाची, चित्रं नाचत होती. बदाम आला पुनःप्रक्षेपणाच्या वेळी. तोच आज ‘अस्सल’ म्हणून आठवतो.

आता वेशाकडे वळू. कोणत्याही अमेरिकन माणसाला विचारा, ल्यूसी कशी दिसते? पहिलं उत्तर ‘लाल केस’. आणि मालिका होती कृष्णधवल! सहाच्या सहा वर्षं तिचे केस पडद्यावर करडेच दिसले. लाल रंग लोकांना कळला तो तिच्या आधीच्या रंगीत सिनेमांतून, मासिकांच्या मुखपृष्ठांवरून आणि मालिकेतच तिच्या रंगवलेल्या केसांवर मारलेल्या टोमण्यांतून. तिचे मूळ केस तपकिरी. चाळिशीच्या दशकात एमजीएम स्टुडिओत ते लाल झाले आणि पुढे आयुष्यभर तो रंग राखला गेला तो मेंदीने. हो, आपलीच मेंदी. म्हणजे लाखो लोकांच्या डोळ्यांसमोर नसलेला, पण सगळ्यांना पक्का ठाऊक असलेला असा हा रंग आहे. चाहती जेव्हा लाल टोप घालते तेव्हा ती पडद्यावर दिसलेल्या गोष्टीची नक्कल करत नसते. लोकांनी मिळून जी आठवण तयार केली आहे, ती घालत असते. ठिपक्यांच्या ड्रेसचंही थोडंफार तसंच. बाजारात मिळणाऱ्या ल्यूसीच्या पोशाखात तो बहुधा गडद निळा आणि पांढऱ्या ठिपक्यांचा असतो, पण पडद्यावर निळा कुठे होता?

(वाहिनीने काही भाग नंतर रंगीत करून दाखवले. २०१३च्या डिसेंबरमध्ये द्राक्षं तुडवण्याचा प्रसिद्ध भाग असा दाखवला गेला. ते पाहताना मला उगाच कुणी जुन्या फोटोतल्या आजीला लिपस्टिक लावल्यासारखं वाटलं. पण माझं मत बाजूला ठेवू.)

वेश ओळखू येण्यासाठी हुबेहूब दिसावं लागत नाही, हे आपल्याला नवीन नाही. शाळेच्या वेशभूषा स्पर्धेत चार वर्षांचा मुलगा पगडी, उपरणं आणि काजळाच्या मिश्या लावून उभा राहिला की पहिल्या रांगेतले सगळे ‘टिळक!’ म्हणून टाळ्या वाजवतात. त्याची उंची, आवाज, गालावरची खळी कुणी मोजत नाही. कच्छमधल्या आदिपूरला दरवर्षी १६ एप्रिलला चार्ली चॅप्लिनचा वाढदिवस साजरा होतो. तिथे लहान मुलं, आजोबा, बायका सगळे चॅप्लिन होतात. टोपी, काठी, टिचभर मिशी आणि फेंगडी चाल, झाला चॅप्लिन. या मोजक्या खुणांचा संच म्हणजे वेशाचं व्याकरण. ल्यूसीचा संच असा: केस, ओठ, ठिपके किंवा एप्रन, आणि डोळे वटारून ‘आता माझं काही खरं नाही’ असा चेहरा. सिटकॉममधली पात्रं इथे फार सोयीची, कारण ती बदलत नाहीत. कादंबरीतली नायिका तीनशे पानांत कुठून कुठे जाते. ल्यूसी दर सोमवारी रात्री पुन्हा तिथेच, त्याच सोफ्यावर. त्याच त्या घरात, त्याच त्या सवयींनी शेकडो वेळा पाहिल्यावर खुणा आपोआप गाळून वर येतात.

मग प्रश्न असा पडतो की खुणा बरोबर असल्या की काम झालं का? याचं फार मजेदार उत्तर जेम्सटाऊनला खेटून असलेल्या सेलोरॉन या खेड्याने दिलं आहे. ल्यूसिल बॉलचं बालपण तिथे आजी-आजोबांच्या घरी गेलं. २००९मध्ये तिथल्या बागेत तिचा ब्राँझचा पुतळा बसवला गेला. एका हातात बाटली, दुसऱ्या हातात चमचा, म्हणजे मालिकेतल्या सर्वांत गाजलेल्या प्रसंगाची पोझ. खुणा सगळ्या जागच्या जागी. पण चेहरा बघून लोक दचकले. ताणलेले ओठ, बाहेर आलेले दात, भलतेच डोळे. पुतळ्याला ‘स्केअरी ल्यूसी’ हे नाव चिकटलं, तो काढून टाका म्हणून फेसबुकवर मोहीम सुरू झाली, २०१५मध्ये बातमी देशभर गाजली आणि शिल्पकाराने जाहीर माफी मागितली. शेवटी ६ ऑगस्ट २०१६ला, पुन्हा वाढदिवसाचाच मुहूर्त धरून, कॅरोलिन पामर या शिल्पकार बाईंनी केलेला नवा पुतळा आला. ठिपक्यांचा ड्रेस, मोत्यांची माळ, प्रसन्न चेहरा. जुनाही हलवून बागेतच ठेवला आहे. तो पाहायला लोक आवर्जून जातात.

आता जरा तुलना करा. २०११च्या त्या ९१५ जणांपैकी बहुतेकांचा चेहरा ल्यूसिल बॉलसारखा नव्हताच. त्यात सत्तरीच्या आजी असणार, नाक निराळं असणार, कुणाचा टोप सरकलेला असणार. त्यांच्यावर कुणी चिडलं नाही. मग बिचाऱ्या एका पुतळ्यानेच काय घोडं मारलं होतं? मला यातला फरक दाव्याचा वाटतो. पुतळा म्हणतो, ‘ही ती आहे’. वेश केलेली बाई म्हणते, ‘मी ती नाही, पण बघा हं’. त्या ‘पण बघा हं’मध्येच सगळी मजा आहे. नेदरलँड्समधल्या निकोल लामेरिक्स या संशोधिकेने २०११च्या एका लेखात कॉस्प्लेचे चार घटक मांडले होते: एक कथा, एक पोशाख, प्रेक्षकांसमोरचा खेळ, आणि तो खेळ खेळणारी व्यक्ती. पुतळ्याकडे पहिले दोन आहेत. खेळ नाही, खेळणारीही नाही. ब्राँझला डोळा मिचकावता येत नाही.

कॉस्प्ले हा शब्द जपानमध्ये ऐंशीच्या दशकात रूढ झाला, पण प्रकार त्याहून जुना. १९३९ साली न्यूयॉर्कला विज्ञानकथांच्या चाहत्यांचं पहिलं जागतिक संमेलन भरलं, तेव्हा फॉरेस्ट अॅकरमन आणि मर्टल डग्लस हे दोघं भविष्यकाळातले कपडे घालून आले होते. कपडे शिवले होते मर्टलने. इतिहासात फोटो अॅकरमनचा जास्त छापला जातो, हे वेगळं सांगायला नको. पुढे १९७२पासून ‘स्टार ट्रेक’च्या चाहत्यांची मोठी संमेलनं सुरू झाली आणि मालिकेतल्यासारखे गणवेश शिवून घालणं हा त्यांचा भागच होऊन गेला. आणि ‘स्टार ट्रेक’ची निर्मिती कुणाची? डेसिलू कंपनीची. १९६२मध्ये ल्यूसिल बॉलने घटस्फोटित नवऱ्याचा हिस्सा विकत घेतला आणि ती स्वतः स्टुडिओची प्रमुख झाली. तिच्याच कारकिर्दीत ही मालिका उभी राहिली. म्हणजे अमेरिकेतल्या वेशधारी चाहत्यांच्या दोन ठळक पोशाखांचा, अंतराळवीराचा गणवेश आणि गृहिणीचा ठिपक्यांचा ड्रेस, पत्ता एकच निघतो.

पण दोन्ही एकसारखे नाहीत. गणवेश घातला की तुम्ही जहाजावरचे एक अधिकारी होता. स्वतःचं नाव, हुद्दा, कथा सगळं रचू शकता. तिथे तुम्ही त्या जगात *भरती* होता. ल्यूसीच्या जगात भरती नाही. ल्यूसी एकच. ड्रेस घातला की तुम्ही ल्यूसीच. त्यामुळे ९१५ अंतराळवीर जमले तर ते सैन्य दिसेल, ९१५ ल्यूसी जमल्या की तो थेट मालिकेतला विनोद होतो. कल्पना करा, रिकी दार उघडतो आणि बाहेर या सगळ्या उभ्या!

आता जो प्रश्न मला खरा छळतो त्याकडे येते. मार्गदर्शकांसमोर हे प्रकरण मांडलं की कुणी ना कुणी विचारतंच: ल्यूसी रिकार्डो ही बाई नवऱ्याकडून पैसे मागून घेते, बजेट चुकलं की बोलणी खाते, काही भागांत तर रिकी तिला मांडीवर पालथी घालून लहान मुलीसारखे फटके मारतो आणि त्यावर प्रेक्षक हसतात. नोकरी करणाऱ्या, स्वतःचं बँक खाते असणाऱ्या बायका हौसेने तिचा एप्रन का बांधतात? ज्या एप्रनमधून बाहेर पडायला इतका खटाटोप केला, तोच सणासारखा मिरवायचा?

हे आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. पॅट्रिशिया मेलनकॅम्प या अभ्यासिकेने १९८६मध्ये ल्यूसीवर एक निबंध लिहिला, तो या क्षेत्रात अजूनही वाचावाच लागतो. तिचं म्हणणं थोडक्यात असं: ल्यूसी दर आठवड्याला घराबाहेर पडायचा प्रयत्न करते आणि दर आठवड्याला गोष्ट तिला परत घरात आणून सोडते. गोष्टीच्या पातळीवर ती कायम हरते. पण त्याच वेळी सादरीकरणाच्या पातळीवर ल्यूसिल बॉल सगळ्यांना खाऊन टाकते. आपण बघतो तिलाच, हसतो तिच्यामुळेच. राग व्यक्त करायची सोय नसलेल्या काळात विनोदाने ती जागा घेतली. मग प्रेक्षक घरी काय नेतो, हार की सादरीकरण?

मेलनकॅम्पच्या या प्रश्नाला चाहत्यांनी कपड्यांतून उत्तर दिलंय, असं मला वाटतं. ते कसं, हे बघायचं तर कोणत्या प्रसंगांचे वेश केले जातात ते पाहावं लागतं. तीन प्रसंग सारखे पुढे येतात.

पहिला, १९५२च्या मे महिन्यातला. ल्यूसीला एका टॉनिकची जाहिरात करायला मिळते. नाव ‘व्हिटामीटाव्हेजामिन’ (दोनदा म्हणून बघा, जीभ वळते का). तालमीत प्रत्येक वेळी चमचाभर प्यायचं असतं. टॉनिकमध्ये २३ टक्के अल्कोहोल आहे हे तिला ठाऊक नसतं. पाचव्या-सहाव्या तालमीपर्यंत बाई तर्र. दुसरा त्याच वर्षीच्या सप्टेंबरमधला: बायका कमवायला जातात, नवरे घर सांभाळतात अशी पैज लागते. ल्यूसी आणि एथेल चॉकलेटच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यासमोर उभ्या. पट्ट्याचा वेग वाढतो, चॉकलेटं गुंडाळून होईनात, म्हणून तोंडात, टोपीत, ब्लाऊजमध्ये कोंबत सुटतात. तिसरा १९५६चा, इटलीतला: सिनेमात काम मिळेल या आशेने ‘अस्सल वातावरण’ अनुभवायला ल्यूसी एका द्राक्षमळ्यात जाते, हौदात उतरून द्राक्षं तुडवते आणि सोबतच्या बाईशी त्या रसातच तिची जुंपते.

आता या तिन्ही भागांचे शेवट आठवा. टॉनिकच्या भागात ल्यूसी झिंगलेल्या अवस्थेत नवऱ्याच्या कार्यक्रमाचा विचका करते आणि तो तिला उचलून बाहेर नेतो. चॉकलेटच्या भागात सगळे आपापल्या जागी परत. नवरे प्रेमाने बायकांना भेट आणतात ती काय, तर चॉकलेटचे खोके. द्राक्षांच्या भागात अंगाला चढलेला रंग जाईना म्हणून तिची भूमिका हुकते आणि एथेलला मिळते. हे शेवट कुणाच्याच अंगावर दिसत नाहीत. डोळे पुसत रिकीची माफी मागणारी ल्यूसी होऊन आलेली एकही बाई मला अजून फोटोत सापडलेली नाही. वेश होतो तो नेहमी *मधल्या* ल्यूसीचा. गाल चॉकलेटने फुगलेले, हातात चमचा तिरका, पाय हौदात. सगळं हातातून निसटतंय पण अजून शिक्षा झालेली नाही, असा तो क्षण.

कपड्यांना शेवट नसतो, हीच त्यांची ताकद. मालिका पाहताना तुम्हाला तेविसाव्या मिनिटाला घरी परतावंच लागतं. वेश मात्र बाराव्या मिनिटाला थांबवता येतो आणि दिवसभर तसाच ठेवता येतो. मालिकेच्या लेखकांनी ल्यूसीला घरी आणलं. वेश करणाऱ्या बायका तिला कारखान्यातच ठेवतात. एप्रन तोच, पण तो आता स्वयंपाकाचा राहत नाही. बऱ्याच जणी तर प्रसंगांची सरमिसळही करतात. ठिपक्यांचा ड्रेस, हातात टॉनिकची बाटली, डोक्याला एप्रनच्या जोडीचा रुमाल. त्या भागात तिने नेमकं काय घातलं होतं, हे कुणी तपासत बसत नाही. (विज्ञानकथांच्या संमेलनात बिल्ला एक इंच खाली लावला तरी लोक सांगायला येतात. इथे तसला काच कमी, आणि मला हे खूप आवडतं.)

पुरुषही ल्यूसी होतात, हे विसरून चालणार नाही. ड्रॅग कलाकारांमध्ये ती जुनी, मानाची भूमिका आहे. त्यांच्याकडे पाहिल्यावर कळतं की ल्यूसीचा ‘बाईपणा’ मुळातच एक वेश होता: रंगवलेले केस, ओठांच्या मूळ रेषेबाहेर काढलेली लिपस्टिक, आखलेल्या भुवया. आणि या सगळ्या सजावटीत वावरणारी बाई चेहऱ्यावर केक, चिखल, आटा काहीही घ्यायला तयार. नटीने देखणं राहायचं की विनोदी व्हायचं, यात त्या काळी एक निवडावं लागे. तिने निवडायला नकार दिला.

आणखी एक गोष्ट, जी मला मालिका दुसऱ्यांदा पाहताना लक्षात आली. ल्यूसी स्वतःच चाहती आहे, आणि वेश करणारी चाहती! हॉलिवूडला गेल्यावर ती नटांच्या मागे वेड्यासारखी फिरते. ग्रॉमन्स थिएटरसमोरच्या सिमेंटमधून जॉन वेनच्या पावलांचे ठसे असलेली लादी उचकटून घरी नेते. विल्यम होल्डन ओळखेल म्हणून खोटं नाक लावते आणि सिगारेट पेटवताना त्या नाकालाच आग लागते. जाहिरातीच्या पैशांसाठी मंगळावरची बाई होऊन एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या माथ्यावर चढते. लोरी लँडे या अभ्यासिकेने १९९८च्या पुस्तकात ल्यूसीला ‘ठकडी’च्या परंपरेत बसवलंय: सत्ता हातात नाही, तेव्हा सोंग हेच हत्यार. दार बंद असेल तर दुसरं कुणीतरी होऊन आत शिरायचं.

१९५७च्या जानेवारीतला सुपरमॅनचा भाग याचं सगळ्यांत गोड उदाहरण. मुलाच्या पाचव्या वाढदिवसाला खरा सुपरमॅन येणार, असं ल्यूसी बढाई मारून सांगते. तो येण्याची खात्री नसते. मग आई स्वतःच सुपरमॅनचा पोशाख चढवून खिडकीबाहेरच्या कठड्यावर उभी राहते, आणि तिथेच अडकते. पाऊस सुरू होतो. आत तोवर खरा सुपरमॅन, म्हणजे टीव्हीवर ते काम करणारा जॉर्ज रीव्ह्ज, येऊन पोचलेला असतो. मुलांचा भ्रम मोडू नये म्हणून त्या भागात त्याचं खरं नाव कुठेही घेतलेलं नाही. चाळिशी ओलांडलेली बाई, ओला झगा, चुकलेला अवतार, आणि मुलांसाठी केलेली धडपड. कॉमिक-कॉनच्या दारात आज मुलांसोबत घरी शिवलेले झगे घालून उभ्या असलेल्या आया पाहिल्या की मला तोच कठडा आठवतो.

आणि दोन वर्षं आधीचा, मे १९५५चा भाग. न्यूयॉर्कहून मैत्रीण आलीय, आणि ल्यूसीने तिला पत्रांतून सांगून ठेवलंय की सगळे नट माझ्या ओळखीचे. आता काय करायचं? मैत्रिणीला चष्म्याशिवाय नीट दिसत नाही. तो पळवला जातो, आणि ल्यूसी एकामागून एक मुखवटे चढवून दारातून नट म्हणून फिरून जाते. शेवटी ती हार्पो मार्क्स होते: कुरळा टोप, उंच हॅट, ढगळ कोट. आणि त्याच वेळी खरा हार्पो घरात येतो. ल्यूसी दाराच्या चौकटीत लपायला जाते, तो समोर येऊन उभा राहतो. सुटकेचा एकच मार्ग उरतो, आपण आरसा आहोत असं भासवायचं. हार्पो हात उचलतो, ती उचलते. तो मान वळवतो, ती वळवते. हार्पोने स्वतःच हा आरशाचा खेळ १९३३मध्ये ‘डक सूप’ सिनेमात केला होता, तेव्हा नक्कल करणारा तो होता. आता त्याची नक्कल त्याच्यासमोर उभी आहे.

तो तिची परीक्षा घेतोय हे आपल्याला कळतं. हॅट खाली पडते, पण तिची पडते आणि त्याची दोरीला बांधलेली असल्याने परत हातात उडते. तो तिच्याकडे रोखून बघतो. तिच्या चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याचे भाव, आणि खाली अंगभर हार्पो. तो चिडत मात्र नाही.